माल एक, वह्या दोन : गिट आणि सबव्हर्जनचा ताळा

पेढीवर बसणाऱ्या माणसाला दोन वह्यांचे नवल नाही. दिवसभराची जमा-नावे रोजकीर्दीत उतरतात आणि तेथून ती खातेवार खतावणीत जातात. खतावणीत चूक दिसली तर जाणता मुनीम तेथेच खाडाखोड करून मोकळा होत नाही. तो रोजकीर्दीचे पान काढतो, दुरुस्तीची नोंद तेथे घालतो आणि मगच ती खतावणीत आणतो. पाणी एकाच दिशेने वाहते. उलटे वाहू दिले तर वर्षअखेरीस कोणती वही खरी, यावरून भागीदारांत वाद सुरू होतात.

संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे सॉफ्टवेअर, तयार करणाऱ्यांच्या धंद्यातही अशा नोंदवह्या असतात आणि एकाच मालासाठी दोन वेगळ्या पद्धतीच्या वह्या ठेवण्याची पाळी तेथेही पुष्कळदा येते. व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. पण आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे दुकान आता वेबसाइटवरही मांडलेले असते आणि कारागिरांच्या घरांतील मुले-मुली हे काम शिकून त्यावर पोट भरू लागली आहेत. या दोन वह्यांचा ताळा चुकला तर वही लिहिणाऱ्याचे नुकसान थोडे होते, दुकानदाराचे जास्त. असा एक प्रसंग आम्ही जवळून पाहिला आहे.

आमच्या ओळखीचे एक व्यापारी भरतकामाचे ड्रेसचे कापड विकतात. दुकानाबरोबर त्यांची वेबसाइटही आहे. रमजानचा शेवटचा आठवडा होता, म्हणजे वर्षाच्या विक्रीचा मोठा वाटा ज्या दिवसांत निघतो ते दिवस. सकाळी वेबसाइट उघडली तर कपडे नाहीत, भाव नाहीत; पडद्यावर फक्त गंभीर त्रुटी झाल्याचे एक वाक्य. पिनकोडप्रमाणे टपालखर्च काढून देणारा जो भाग त्यांच्या वेबसाइटला जोडलेला होता, त्याची नवी आवृत्ती रात्रीतून आपोआप आली होती. तो भाग तयार करणाऱ्या दोन तरुणांना त्यांनी फोन लावला.

"चाचा, आमच्या मशीनवर तर व्यवस्थित चालतंय," पलीकडून उत्तर आले.

"बेटा, तुमच्या मशीनवर चालून मला काय? गिऱ्हाईक माझ्या दुकानात येतं."

दोघेही खरे बोलत होते. मुलांच्या मशीनवर खरोखरच सर्व ठीक होते, कारण त्यांची एक वही पूर्ण होती आणि दुसरी अपुरी. ते कसे, हे समजण्यासाठी या वह्या काय असतात ते आधी पाहू.

दोन वह्यांची दोन घराणी

आज्ञावली म्हणजे शेकडो फाइलींत लिहिलेला मजकूर. त्यात रोज कोणी ना कोणी बदल करतो. कोणी, केव्हा, काय व कशासाठी बदलले याची नोंद ठेवणारी आणि वाटेल तेव्हा जुन्या नोंदीपर्यंत मागे नेणारी जी व्यवस्था, तिला इंग्रजी नावानेच व्हर्जन कंट्रोल म्हणतात. एकेका नोंदीला कमिट म्हणतात. ही व्यवस्था नसेल तर दोन माणसे एकाच फाइलीवर काम करू लागली की एकाचे काम दुसऱ्याच्या कामाखाली गाडले जाते.

या व्यवस्थेची दोन घराणी आज आपल्या कामाची आहेत. पहिले सबव्हर्जन, ज्याला एसव्हीएन असेही म्हणतात. 2000 साली कोलॅबनेट या कंपनीने त्याचे काम सुरू केले आणि 2004 साली त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. त्यात वही एकच असते आणि ती मुख्य पेढीवर, म्हणजे सर्व्हरवर, असते. प्रत्येकाने आपली नोंद तेथे जाऊन करायची. नोंदींना 1, 2, 3 असे सरळ क्रमांक पडतात. जुन्या पेढीसारखी रीत आहे, समजायला सोपी.

दुसरे गिट. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते एप्रिल 2005 मध्ये लिहिले. लिनक्सचे काम तोवर बिटकीपर नावाच्या खासगी मालकीच्या व्यवस्थेवर चाले. ती फुकट वापरण्याची सवलत काढून घेतली गेली, तेव्हा त्यांनी स्वतःचीच व्यवस्था उभी केली. गिटमध्ये प्रत्येक कारागिराकडे संपूर्ण वहीची पूर्ण नक्कल असते. तो घरी बसून, इंटरनेट नसतानाही, नोंदी करतो आणि नंतर इतरांशी जुळवून घेतो. सर्वांचा मिळून सरळ क्रमांक असा तेथे असूच शकत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीतील मजकूर, लिहिणाऱ्याचे नाव, वेळ आणि आधीच्या नोंदीची ओळख या सर्वांवर गणित करून 40 अक्षरांची एक खूण काढतात. यांपैकी एक अक्षर जरी बदलले तरी खूण बदलते, आणि एका नोंदीची खूण बदलली की तिच्या पुढच्या सर्व नोंदींच्या खुणा बदलतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे सगळी अडचण येथूनच निघते.

आज नवे काम बहुतेक गिटमध्येच होते. मग दोन वह्यांची वेळ येते कशी? सर्वांत जवळचे उदाहरण वर्डप्रेसचे. 2003 साली निघालेल्या या व्यवस्थेवर जगातील सुमारे चाळीस टक्के वेबसाइटी चालतात आणि छोट्या दुकानदारांच्या वेबसाइटी तर फार मोठ्या प्रमाणावर. वर्डप्रेसला जोडायच्या सुट्या पुर्ज्यांना प्लगइन म्हणतात. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात फुकट मिळणारी प्लगइन साठ हजारांच्या आसपास आहेत आणि हे भांडार आजही सबव्हर्जनवरच चालते. म्हणजे कारागीर आपला माल गिटमध्ये घडवतो आणि विक्रीला मात्र सबव्हर्जनच्या फळीवर मांडतो. वर सांगितलेल्या दोन तरुणांचे नेमके हेच चालले होते.

चूक कोठे झाली

त्यांनी राज्यवार दर वेगळे काढण्यासाठी एक नवी फाइल तयार केली होती. गिटला ती सांगितली होती. सबव्हर्जनच्या फोल्डरमध्ये त्यांनी सर्व फाइली हाताने उतरवल्या आणि नोंद पाठवली. पण सबव्हर्जन नवी फाइल आपण होऊन उचलत नाही. ही फाइल आता वहीत घे, असे त्याला वेगळे सांगावे लागते. ते राहून गेले. जुन्या फाइलींतले बदल गेले, नवी फाइल गेली नाही. मुख्य फाइल म्हणते दर त्या फाइलीत पाहा, आणि ती फाइलच नाही. जेथे जेथे ही आवृत्ती पोहोचली तेथे वेबसाइट बसली.

ती आवृत्ती रात्रीतच पोहोचली, कारण ऑगस्ट 2020 मधील वर्डप्रेस 5.5 पासून प्लगइन आपोआप अद्ययावत करण्याची सोय आली आहे आणि ती आमच्या या व्यापारी मित्राने चालू ठेवली होती. मे 2019 च्या 5.2 आवृत्तीपासून अशा वेळी वेबसाइटच्या व्यवस्थापकाला ईमेल जाते व दुरुस्तीसाठी आत शिरण्याचा दुवा मिळतो, ही सोयही होतीच. पण व्यवस्थापकाचा पत्ता म्हणून ज्याने काही वर्षांपूर्वी वेबसाइट बांधून दिली त्याचा पत्ता होता आणि त्याने तो पत्ता केव्हाच सोडला होता. दुकान दीड दिवस बंद राहिले. शेवटी होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन त्या प्लगइनच्या फोल्डरचे नाव बदलले, तेव्हा वर्डप्रेसने ते प्लगइन बंद मानले आणि दुकान उघडले. हा उपाय दोन मिनिटांचा आहे. वाचकांनी तो लिहून ठेवावा.

या मुलांच्या हातून पुढे आणखी एक चूक झाली आणि ती आम्हांला पहिलीपेक्षा शिकण्यासारखी वाटते. घाईत त्यांनी राहिलेली फाइल सबव्हर्जनमध्ये घातली आणि जाता जाता एका दराची दुरुस्तीही तेथेच केली. ती दुरुस्ती गिटमध्ये नेली नाही. तीन आठवड्यांनी गिटमधून पुढची आवृत्ती सबव्हर्जनमध्ये उतरवली, तेव्हा जुना चुकीचा दर परत आला. खतावणीत खाडाखोड करून रोजकीर्द तशीच ठेवली, त्याचे हे फळ. पहिली चूक लगेच दिसली, कारण दुकान बंद पडले. दुसरी कोणालाच दिसली नाही. गिऱ्हाइकाने टपालखर्च कमी भरला आणि फरक व्यापाऱ्याच्या गल्ल्यातून गेला.

दुतर्फा पूल का टिकत नाही

येथे हुशार वाचक विचारील, दोन्ही वह्या आपोआप एकमेकींशी जुळत राहतील असे यंत्र नाही काय? आहे. गिटबरोबरच गिट-एसव्हीएन नावाचे साधन मिळते. ते मूळ एरिक वाँग यांनी लिहिले. सबव्हर्जनची सारी जुनी पाने ते गिटमध्ये आणते, नवी पाने आली की तीही आणते आणि गिटमधील नोंदी 'डीकमिट' या आज्ञेने सबव्हर्जनमध्ये नेऊन घालते. साधन चांगले आहे, पण त्याच्या मर्यादा ओळखून वापरले पाहिजे.

डीकमिट करताना गिटची नोंद सबव्हर्जनमध्ये जाते, तेथे तिला क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक नोंदीखाली लिहून ती गिटमध्ये परत येते. मजकुरात एक ओळ वाढली, म्हणजे खूण बदलली. आता हीच नोंद तुम्ही आधीच एखाद्या जोडीदाराला दिली असेल तर त्याच्याकडे जुन्या खुणेची नोंद आहे आणि तुमच्याकडे नव्या खुणेची. एकच बिल दोनदा चढल्यासारखे होते. म्हणून या साधनाच्या माहितीपत्रकातच इशारा दिलेला आहे की, जी शाखा सबव्हर्जनकडे पाठवायची तिच्यावर गिटची इतर देवघेव करू नये. दोन शाखा एकत्र करणारी गिटची जी नोंद असते, जिला मर्ज म्हणतात, तिला दोन आईबाप असतात. सबव्हर्जनची वंशावळ सरळ एकरेघी असल्याने ती तेथे जशीच्या तशी मावत नाही. लेखकाचे नाव व ईमेल गिटमध्ये असते, सबव्हर्जनमध्ये नुसते सदस्यनाव. रिकामे फोल्डर सबव्हर्जन ठेवते, गिट ठेवत नाही. प्रत्येक गोष्ट क्षुल्लक, पण दोन्ही दिशांनी रोज ये-जा सुरू झाली की अशा क्षुल्लक गोष्टींचा ढीग होतो.

वर्डप्रेसच्या प्लगइन-भांडारात आणखी एक पंचाईत आहे. सर्व प्लगइनांची मिळून तेथे एकच वही असल्याने क्रमांक तीस लाखांच्या पुढे गेले आहेत. आपल्या चार फाइलींच्या प्लगइनसाठी कोणी पहिल्या क्रमांकापासून पाने चाळायला बसला तर त्याचा जन्म त्यात जाईल. सुरुवातीचा क्रमांक सांगून तेथून पुढेच वाचायला लावावे लागते.

मोठमोठ्या संस्थांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. खुद्द वर्डप्रेसच्या मुख्य आज्ञावलीचे काम सबव्हर्जनमध्ये चालते आणि त्याची नक्कल गिटमध्ये सतत उतरत राहते. जगभरचे लोक गिटहबवर आपापल्या सूचना मांडतात, त्यांवर चर्चाही तेथेच होते. पण मान्य झालेला बदल गिटहबवर कोणी दाबून घेत नाही. अधिकार असलेला माणूस तो सबव्हर्जनमध्ये नोंदवतो आणि तेथून तो नक्कल होऊन गिटमध्ये येतो. फ्रीबीएसडी या संगणक-प्रणालीने 2008 साली जुने सीव्हीएस सोडून सबव्हर्जन घेतले, तेव्हा जुन्या वापरकर्त्यांसाठी नवे बदल सीव्हीएसमध्ये उतरवत राहिले. 2020 च्या डिसेंबरात त्यांनी गिट घेतले, तेव्हा जुन्या शाखेचे बदल पुन्हा तसेच सबव्हर्जनमध्ये उतरवले. दोन्ही वेळा खरी वही एक, दुसरी तिची नक्कल, आणि नकलेवर कोणी लिहायचे नाही. एलएलव्हीएम या कंपायलरच्या प्रकल्पाने तर 2019 च्या ऑक्टोबरात जुनी वही बंद करून सरळ गिटवर मुक्काम हलवला.

भाड्याच्या पुलावर विसंबणाऱ्यांनी गिटहबचेही उदाहरण पाहावे. गिटहबवरील गिटच्या वहीत सबव्हर्जनच्या साधनांनी शिरण्याची सोय त्यांनी 2010 पासून दिली होती. जानेवारी 2024 मध्ये ती काढून घेतली. वर्षभर आधी कळवले होते, हे खरे. तरी ज्यांनी सारे काम तिच्यावर उभे केले होते त्यांना धावपळ करावी लागली.

छोट्या कारखान्याने काय करावे

आमचे मत असे की, दोन-चार माणसांच्या कारखान्याने दुतर्फा पुलाच्या नादी लागू नये. गिटला रोजकीर्द मानावे, वर्डप्रेसच्या सबव्हर्जनला मालाची फळी मानावी आणि गिटमधून सबव्हर्जनकडे एकाच वाटेने जावे. वर्डप्रेसची अपेक्षाही तीच आहे. ते भांडार तयार माल मांडण्यासाठी आहे, रोजचे काम करण्यासाठी नाही, आणि तेथे वारंवार किरकोळ नोंदी करू नयेत असे त्यांच्या नियमांतच आहे.

हाताने करायचे झाले तर रीत अशी. गिटमध्ये काम पूर्ण करून आवृत्तीचा क्रमांक असलेला टॅग लावावा आणि त्या टॅगची स्वच्छ प्रत वेगळी काढावी. रोजच्या कामाच्या फोल्डरमधून फाइली उचलू नयेत. त्यात आपल्या चाचणीच्या फाइली असतात, क्वचित पासवर्डही असतात, आणि एकदा फळीवर गेलेली वस्तू जगाने पाहिलेली असते. मग सबव्हर्जनचे फोल्डर ताजे करून घ्यावे. त्यातील 'ट्रंक' नावाच्या भागातला जुना माल काढून ही स्वच्छ प्रत तेथे ठेवावी आणि सबव्हर्जनला स्थिती विचारावी. येथे घाई नको. ज्या फाइलीपुढे प्रश्नचिन्ह दिसेल ती सबव्हर्जनला माहीत नाही, म्हणजे नवी आहे. ती वहीत घ्यायला सांगावे. जिच्यापुढे उद्गारचिन्ह दिसेल ती वहीत आहे पण जाग्यावर नाही. ती आपणच काढली असेल तर वहीतूनही काढायला सांगावे. एकही प्रश्नचिन्ह वा उद्गारचिन्ह उरता कामा नये. आमच्या मित्राचे दुकान बंद पडले ते या एका प्रश्नचिन्हापायी.

पुढे आवृत्तीचा क्रमांक. तो तीन ठिकाणी सारखा हवा : प्लगइनच्या मुख्य फाइलीच्या शिरोभागी, 'रीडमी' फाइलीतील 'स्टेबल टॅग' या ओळीत आणि 'टॅग्ज' भागातील फोल्डरच्या नावात. स्टेबल टॅग बदलायचा राहिला तर भांडार जुनीच आवृत्ती वाटत राहते आणि आपण नवी पाठवली म्हणून निश्चिंत असतो. मुख्य फाइलीतला क्रमांक वाढवला नाही तर दुकानदाराच्या वेबसाइटला नवे काही आले हे कळतच नाही. ट्रंकची नक्कल टॅग्जमध्ये सबव्हर्जनच्याच नक्कल करण्याच्या आज्ञेने करावी, म्हणजे दोन्हींचे नाते वहीत राहते.

नोंद पाठवताना तिच्या मजकुरात गिटच्या नोंदीची खूण लिहावी आणि गिटच्या टॅगमध्ये सबव्हर्जनचा क्रमांक. दोन बिलांवर एकमेकांचे नंबर टाकावेत तसे. सहा महिन्यांनी तक्रार आली की हीच एक ओळ दिवसभराचे काम वाचवते. आणि शेवटी भांडारातून झिप फाइल सामान्य गिऱ्हाइकासारखी उतरवून घ्यावी, रिकाम्या वेबसाइटवर चढवून पाहावी आणि गिटमधल्या प्रतीशी फाइलवार ताडून पाहावी.

हे सर्व यंत्राकडूनही करवता येते. टेनअप या संस्थेने गिटहबवर त्यासाठी तयार केलेली कृती फुकट आहे. गिटमध्ये आवृत्ती काढली की ती स्वतः सबव्हर्जनचे ट्रंक जुळवते, नव्या फाइली घेते, गेलेल्या काढते आणि टॅग करते. आम्ही तिचीच शिफारस करू, पण एक लक्षात ठेवावे. ट्रंकमध्ये जे गिटमध्ये नाही ते ती पुसून टाकते. म्हणजे सबव्हर्जनमध्ये गुपचूप केलेली दुरुस्ती पुढच्या खेपेस हमखास जाणार. रात्री दोन वाजता एखादी दुरुस्ती थेट सबव्हर्जनमध्ये करणे भागच पडले तर झोपण्यापूर्वी ती गिटमध्ये उतरवावी.

किल्लीचाही प्रश्न आहे. ऑक्टोबर 2024 पासून प्लगइन-लेखकांना दुहेरी ओळख देणे सक्तीचे झाले आणि सबव्हर्जनसाठी वेगळा पासवर्ड आला. तो कोणाच्या नावावर आहे, भागीदार फुटले तर तो कोणाकडे जाणार, हे कारखान्याच्या भागीदारी-पत्रात लिहून ठेवावे. आम्ही दुकानाच्या शटरच्या किल्ल्यांचा हिशेब ठेवतो, हिचा ठेवत नाही.

व्यापारी बंधूंना यातले तांत्रिक काही करायचे नाही. वेबसाइट बांधणाऱ्याला मात्र त्यांनी विचारावे की, तुमची खरी वही कोणती, दुसरीत थेट लिहिण्याचा अधिकार कोणाला आहे आणि माल फळीवर गेल्यावर तो तुम्ही स्वतः उतरवून पाहता काय. 'सगळं आपोआप होतं' एवढेच उत्तर आले तर पुन्हा विचारावे. आमच्या मित्राने व्यवस्थापक म्हणून आता स्वतःचा ईमेल पत्ता घातला आहे. शाबान लागला की तो प्लगइनचे आपोआप अद्ययावत होणे बंद करतो, त्या काळात सुरक्षेची दुरुस्ती आली तर मुलांना विचारून हाताने चढवतो आणि ईदनंतर ते पुन्हा चालू करतो. मुलांनी त्याचा टपालखर्चातला फरक तीन हप्त्यांत भरून दिला.